औषधवाल्यांची जाहीर ओळख

ढेकूण मारणाऱ्या माणसाच्या ओळखी पुष्कळ असतात, फक्त त्या दिवसाढवळ्या कोणी दाखवत नाही. औषधवाल्यांना याची सवय होती. ज्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातला सोफा त्यांनी शिवण उसवून, औषध मारून, पुन्हा शिवून दिला होता, त्या बाई भाजीच्या दुकानात समोर आल्या की टोमॅटोंकडे इतक्या एकाग्रतेने बघत की टोमॅटोंनाच अवघडल्यासारखं व्हावं. मग औषधवाले मुकाट्याने बटाट्यांकडे वळत. यात राग मानण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. डॉक्टरला लोक नमस्कार करतात, वकिलाला करतात, औषधवाल्याला करत नाहीत. पण रात्री शांत झोप लागली की त्याची आठवण काढतात, आणि ती मनातल्या मनात काढतात, एवढंच.

धंद्यात माणसं दोन. औषध ते मारत आणि फोन बायको घेई. यातलं अवघड काम कोणतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. ढेकूण सापडलेलं घर एकदम मुद्द्यावर येत नाही. ते आधी हवापाण्याबद्दल बोलतं, मग ‘एका मैत्रिणीसाठी विचारत होते’ म्हणतं, आणि मग आवाज इतका खाली जातो की नुसता श्वास ऐकू येतो. औषधवाल्यांच्या बायकोने एवढ्या वर्षांत फोनवर ढेकूण हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता. ती विचारायची, “त्रास आतल्या खोलीत आहे की बाहेरच्या?” पलीकडची बाई कधीकधी रडायलाच लागे. मग ही तिला सांगे, “अहो, मोठमोठ्या घरांतून होतं हे. मी नावं सांगत नाही, पण होतं.” त्या ‘नावं सांगत नाही’वर सगळा धंदा उभा होता.

पण शहरात एक नवी कंपनी आली. तिच्या गाडीवर माणसाएवढं झुरळ रंगवलेलं होतं आणि ते हसत होतं. अशी गाडी दारात उभी करून घेण्याची हिंमत लोकांत कुठून आली कोण जाणे, पण आली खरी. औषधवाल्यांचा फोन कमी वाजायला लागला. दुपारी जेवण झाल्यावर ते खुर्चीत बसून पंपाचं नोझल पुसत राहायचे. ते आधीच स्वच्छ असे.

अशा पडत्या काळात बायकोचा धाकटा भाऊ घरी आला. हा मेहुणा एका मोठ्या कंपनीत होता. तिथे तो नेमकं काय करतो हे घरात कोणालाच उलगडलेलं नव्हतं. विचारलं की म्हणायचा, “मी लोकांना एकमेकांशी जोडतो.” औषधवाल्यांची बरीच वर्षं अशी समजूत होती की तो टेलिफोन खात्यात आहे.

“भाऊजी,” मेहुणा चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, “तुम्ही त्या नोकरीधंद्याच्या साइटवर आहात का?”

“कुठल्या?”

“जिथे सगळे प्रोफेशनल लोक एकमेकांना भेटतात. तुम्ही तिथे नाही, म्हणजे धंद्याच्या दृष्टीने तुम्ही अस्तित्वातच नाही.”

“कालच एका घरी जाऊन आलो मी,” औषधवाले म्हणाले.

“ते शारीरिक झालं,” मेहुणा म्हणाला, आणि त्याने बॅगेतून लॅपटॉप काढला.

हा संवाद चालू असताना दार उघडंच होतं, आणि दार उघडं असलं की समोरच्या घरातले निवृत्त बँक अधिकारी आत असतातच. त्यांना कुठल्याही विषयावर मत होतं आणि ते ऐकवायला भरपूर वेळ होता. खुर्ची ओढून घेत ते म्हणाले, “मुलगा बरोबर बोलतोय. माणसाने वर्तुळ वाढवलं पाहिजे. माझं वर्तुळ नोकरीत असताना प्रचंड होतं.” औषधवाल्यांच्या बायकोने त्यांच्यापुढे चहा ठेवला, कारण तो ठेवेपर्यंत ते वर्तुळाचं सांगत राहिले असते. ठेवल्यावरही सांगत राहिले, ती गोष्ट वेगळी.

पहिली अडचण हुद्द्याची आली. औषधवाल्यांनी सरळ सांगितलं, “लिही, ढेकूण, झुरळं, वाळवी यांचा बंदोबस्त.”

मेहुण्याने खेदाने मान हलवली. “ढेकूण हा प्रॉब्लेम झाला, भाऊजी. आपण सोल्यूशन लिहायचं असतं.” आणि त्याने लिहिलं: ‘निवासी स्वास्थ्य उपाययोजना तज्ज्ञ. संस्थापक व मुख्य कार्यकारी अधिकारी.’

“कंपनीत दोन माणसं,” आतून बायकोचा आवाज आला. “तुम्ही मुख्य, तर मी कोण?”

औषधवाल्यांना स्वतःलाही हा प्रश्न कधी पडला नव्हता, आणि पडला नव्हता ते बरंच होतं असं त्यांना वाटलं. शेवटी मेहुणा म्हणाला, “ताई, तू कस्टमर एक्सपीरियन्स.” तिने पुन्हा म्हणायला लावलं, ऐकून घेतलं आणि भांडी घासायला गेली.

फोटोसाठी औषधवाल्यांनी केस विंचरले आणि ते पुस्तकांच्या कपाटापुढे उभे राहिले. कपाट निवृत्त साहेबांच्या घरातलं, त्यामुळे पाठीमागे व्याजदरावरची पुस्तकं आली. मग साइट एकामागून एक प्रश्न विचारू लागली. मेहुण्याला तेवढ्यात ऑफिसचा फोन आला म्हणून तो गॅलरीत गेला आणि जाताजाता म्हणाला, “सगळ्याला हो म्हणत जा.” औषधवाले आज्ञाधारकपणे हो म्हणत गेले. त्यातला एक प्रश्न असा होता की तुमच्या फोनमधल्या ओळखीच्या मंडळींना आम्ही आमंत्रण पाठवू का. विचारलं इतक्या आदराने होतं की नाही म्हणणं त्यांना असभ्यपणाचं वाटलं.

आता औषधवाल्यांच्या फोनमधली नावं कशी होती ते सांगायला हवं. शहरात एकाच आडनावाची माणसं रग्गड, पण प्रत्येकाचा त्रास वेगळा. म्हणून त्यांनी स्वतःपुरती सोय केली होती. डॉक्टरीण ढेकूण. वकील वाळवी. नवं जोडपं झुरळ. मास्तर उंदीर दोन. या पद्धतीने आजवर एकदाही घोटाळा झाला नव्हता.

त्या साइटने प्रत्येकाला ई-मेलने स्वतंत्र पत्र पाठवलं. ‘प्रिय डॉक्टरीण ढेकूण, आपले स्नेही आपल्याला आपल्या व्यावसायिक वर्तुळात सामील करून घेण्यास उत्सुक आहेत.’

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला आणि औषधवाल्यांचा चेहरा फुलला. साइटचा गुण इतक्या लवकर येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. बायकोने फोन घेतला आणि ती नुसती ऐकत राहिली. डॉक्टरीणबाई बोलत होत्या. त्यांच्या दवाखान्यात ई-मेल उघडायचं काम रिसेप्शनवरच्या मुलीकडे होतं. ती नवीन होती, मेहनती होती आणि प्रत्येक पत्र मोठ्याने वाचून दाखवायची तिला हौस होती. समोर तोंडात कापूस घातलेले पेशंट बसले होते. त्यांना हसता येत नव्हतं, पण त्यांनी प्रयत्न केला.

“बाई, मी काय बोलू,” एवढंच औषधवाल्यांची बायको म्हणाली, आणि तेही पलीकडून फोन ठेवल्यावर.

मग वकील. त्यांचा आवाज अगदी शांत होता. “आपण मला वाळवी म्हटलंत. माझी स्वतःची काही तक्रार नाही. पण माझ्या अशिलांनी वाचलं तर त्यांना ते पटेल, ही माझी अडचण आहे.” मग मास्तर. त्यांचं म्हणणं, आमच्याकडे उंदीर एकच होता, दोन कुठून आले. मास्तर दोन आहेत आणि तुम्ही दुसरे, हे त्यांना समजावून सांगताना औषधवाल्यांच्या बायकोने पहिल्या मास्तरांचीही माहिती देऊन टाकली, आणि ते लक्षात आल्यावर तिने तोंडावर हात ठेवला.

दुपारी तिने फोन पालथा घालून फडताळावर ठेवला. “आजपासून फोन तुम्ही घ्या,” ती म्हणाली.

“अगं, ते चुकून झालं.”

“चुकूनच झालं. मी कुठे म्हणते मुद्दाम केलंत. पण मी त्या बायकांना शब्द दिला होता. आता कुठल्या तोंडाने हॅलो म्हणू?”

ती भांडली असती तर औषधवाल्यांना बरं वाटलं असतं. भांडणाला उत्तर देता येतं. ती नुसती चादरींच्या घड्या घालत बसली, आणि त्या घड्या इतक्या काटेकोर होत्या की औषधवाल्यांनी मुकाट्याने फोन उचलून स्वतःपुढे ठेवला.

फोन घेणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. जन्म गेला तोंडाला फडकं बांधून बोलण्यात, त्यामुळे आवाज खणखणीत. एका बाईने चाचरत “ते... आमच्या पलंगाच्या...” म्हणताच ते सवयीने ओरडले, “ढेकूण का?” पलीकडे फोन बंद झाला. तो नंबर पुन्हा लागला नाही.

संध्याकाळी निवृत्त साहेब आले. नेहमीसारखे आत न येता उंबऱ्यात थांबले. “मला एक पत्र आलंय,” ते म्हणाले. “त्यात मला ‘प्रिय समोरचे कटकट’ असं म्हटलंय. मी सकाळपासून विचार करतोय, हे दुसऱ्या कोणाचं तर नसेल?”

“दुसऱ्याचंच असेल,” औषधवाले म्हणाले.

“तुमच्या समोर तर मीच राहतो.”

यावर काय बोलायचं असतं हे कोणत्याच पुस्तकात लिहिलेलं नाही, व्याजदराच्या तर नाहीच. साहेब दुखावले, पण त्यांची दुखावण्याची रीतही सल्ल्याचीच होती. त्यांनी रोज संध्याकाळी साइटवरच्या औषधवाल्यांच्या वर्तुळाची यादी तपासायला सुरुवात केली. कोणी आमंत्रण स्वीकारलं की ते जिन्यात जाहीर करत, “म्हणजे त्यांच्याकडेही होते.” कोणी वर्तुळातून नाव काढून घेतलं की म्हणत, “म्हणजे नक्कीच होते.” हळूहळू सगळ्या भागातले लोक ती यादी चाळू लागले. नुसत्या ओळखीपोटी यादीत आलेल्या शिंप्याकडे आयुष्यात कधी ढेकूण निघाला नव्हता. त्याच्याकडूनही गिऱ्हाईक शिवलेले कपडे झटकून घेऊ लागलं.

ही पत्रं परत घेता येतील का, हे विचारायला औषधवाल्यांनी साइटला लिहिलं. तिथून लगेच उत्तर आलं, आपला प्रश्न आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. त्यानंतर काही आलं नाही. आलं ते आरोग्य खात्याच्या कार्यालयातून बोलावणं. कोणीतरी कळवलं होतं की एक इसम परवाना नसताना स्वास्थ्याचे उपाय करतो. हा कोणीतरी म्हणजे नव्या कंपनीचा माणूस, असं औषधवाल्यांना वाटलं. निवृत्त साहेब, असं बायकोला वाटलं.

खिडकीमागचे कारकून सभ्य होते. त्यांनी साइटवरच्या हुद्द्याचा छापील कागद पुढे ठेवला.

“तुम्ही डॉक्टर आहात?”

“नाही.”

“मग इथे स्वास्थ्य, तज्ज्ञ, उपाय असं लिहिलंय. लोक तुम्हाला औषधवाले म्हणतात?”

“म्हणतात.”

“औषध कोणाला देता?”

“ढेकणांना.”

कारकुनांनी लेखणी थांबवली. “म्हणजे जनावरांचे डॉक्टर.”

“नाही हो. ते बरी करतात.”

“आणि तुमच्याकडचे?”

“मरतात,” औषधवाले अभिमानाने म्हणाले, आणि कारकुनांनी ते तसंच उतरवून घेतलं. हुद्दा बदलून आणा, नाहीतर दंड होईल, असं त्यांनी बजावलं. घरी येऊन औषधवाल्यांनी हुद्दा बदलायला घेतला, तर साइट म्हणाली, आपल्या हुद्द्याची पडताळणी सुरू असल्यामुळे तो सध्या बदलता येणार नाही. पडताळणीसाठी आरोग्य खात्याचा परवाना जोडावा.

मेहुण्याला हे सगळं कळवलं तेव्हा तो अजिबात हादरला नाही. तो म्हणाला, “भाऊजी, हीच तर संधी आहे. चूक झाली की ती शेअर करायची असते.” आणि त्याने औषधवाल्यांच्या नावाने माफीनामा लिहून साइटवर टाकला. त्यातलं एक वाक्य असं होतं: ‘ढेकूण ही तुमची ओळख नाही, तो तुमच्या प्रवासातला एक टप्पा आहे.’

औषधवाल्यांनी ते तीनदा वाचलं. ढेकणाला प्रवासातला टप्पा म्हणणारा माणूस कधी ढेकणाच्या गादीवर झोपला नसावा, एवढं त्यांना खात्रीने वाटलं. या बाबतीत त्यांचा अंदाज पुढे चुकीचा ठरला, पण ते मागाहून.

माफीनामा मात्र गाजला. जगाच्या पाठीवरचे कुठकुठले लोक लिहू लागले, ‘डोळे पाणावले’, ‘मीही माझ्या आयुष्यातल्या ढेकणांना सामोरा गेलो’, ‘विमा काढायचा असल्यास संपर्क करा’. शेकडो अनोळखी माणसं वर्तुळात शिरली. त्यातल्या एकाच्याही घरी ढेकूण नव्हता. सगळे काही ना काही विकत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं की औषधवाले घेतील. घरचा फोन मात्र दिवसच्या दिवस गप्प. ज्या अतिथिगृहाचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं, तिथूनही निरोप आला की सध्या थांबा. तो निरोप त्यांनी बायकोला लगेच सांगितला नाही. नोझल काढून ते पुसत बसले. तिला न सांगताच कळलं.

आणि अशात नवउद्योजकांच्या मेळाव्याचं आमंत्रण आलं. मोठं सभागृह, शहरातली प्रतिष्ठित मंडळी, आणि औषधवाल्यांनी बोलायचा विषय, ‘अदृश्य समस्या, दृश्य नेतृत्व’.

“मी जाणार नाही,” औषधवाले म्हणाले.

“जाऊन या,” बायको म्हणाली. तिने बऱ्याच दिवसांनी आपणहून तोंड उघडलं होतं. “निदान तिथे सगळ्यांसमोर सरळ बोला, की चूक झाली. माझ्या भावाने लिहिलेलं नको. तुमचं तुम्ही बोला.”

मेहुण्याने भाषण लिहून आणलंच, वर स्वतःचा करड्या रंगाचा कोटही आणला. हा कोट घालून तो गावोगावच्या परिषदांना जाई. “यात माणूस वेगळाच दिसतो,” तो म्हणाला. औषधवाल्यांना तो खांद्यात घट्ट होत होता, त्यामुळे त्यांचे हात जरासे पुढे राहत, कोणाला तरी मिठी मारायला निघाल्यासारखे.

सभागृह खरोखर देखणं होतं. मखमली खुर्च्या, व्यासपीठावर गुबगुबीत सोफा. आधीचा वक्ता आपण तीन धंदे कसे बुडवले ते सांगत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. मग औषधवाल्यांचं नाव पुकारलं गेलं. ते माइकपुढे उभे राहिले. चौथ्या रांगेत त्यांना डॉक्टरीणबाई दिसल्या. त्या दिवशी बघायला टोमॅटो नव्हते, म्हणून त्या छताकडे बघत होत्या.

बायकोने सांगितलेलं बोलायचं की मेहुण्याने लिहिलेलं वाचायचं, या घोळात औषधवाल्यांनी कागद उघडला. “मित्रहो, आपण सगळे एक परिसंस्था आहोत,” त्यांनी वाचलं, आणि तेवढ्यात त्यांच्या मानेवर काहीतरी चाललं.

दुसरा कोणी असता तर त्याने मान खाजवली असती. पण औषधवाल्यांचा हात डोक्याला न विचारता वर गेला. दोन बोटांत त्यांनी ते नेमकं उचललं, दिव्यासमोर धरलं, डोळे बारीक करून पाहिलं आणि सवयीने म्हणाले, “मादी आहे.”

माइक उत्तम प्रतीचा होता.

मग पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी बसल्या जागी एक मांडी उचलली. मग दुसऱ्यांनी. कुजबुज मागे मागे पसरत गेली, आणि पडद्याशेजारी उभ्या असलेल्या सभागृहाच्या मॅनेजरांचा चेहरा औषधवाल्यांना दिसला. असा चेहरा त्यांनी कितीतरी दारांत पाहिला होता. माणूस तेव्हा आधी जिन्यात कोणी आहे का ते बघतो आणि मग तुमच्याकडे.

त्या चेहऱ्याकडे बघून औषधवाल्यांनी कागद खाली ठेवला.

“घाबरू नका,” ते म्हणाले. “हा ढेकूण माझ्याबरोबर आलाय. माझ्या कोटातून. या खुर्च्यांत काही नाही, निवांत बसा.” थोडं थांबून ते पुढे म्हणाले, “माझा धंदा हाच आहे. लोकांनी माझ्यावर विश्वास टाकला आणि माझ्या हातून त्यांची नावं बाहेर गेली. त्यांची माफी मागायला मी आलो होतो. माझं बोलणं संपलं.”

हशा पिकला. माफीचं कोणी ऐकलं की नाही कोण जाणे. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने माइक दोन बोटांत धरून परत घेतला आणि रुमालाने पुसला. औषधवाले सोफ्यावर जाऊन बसले, तर शेजारचे दोन पाहुणे कामाचं काही आठवल्यासारखे उठून उभे राहिले. नंतर चहाच्या वेळी सगळे एकमेकांना कार्डं देत होते. औषधवाल्यांच्या भोवती मात्र एक ऐसपैस, मोकळं वर्तुळ झालं होतं.

ते मागच्या दाराने बाहेर पडले. तिथे मॅनेजर उभे होते.

“तुम्ही ओळखलंत ना?” ते अगदी हळू म्हणाले.

“काय?”

“की आमच्या खुर्च्यांत आहेत. तीन महिने झोप नाही मला. त्या झुरळाच्या गाडीवाल्यांना दारात कसं उभं करू? आणि तुम्ही तर चक्क स्वतःच्या अंगावर घेतलंत.” त्यांनी औषधवाल्यांचा हात दोन्ही हातांत धरला. “इथलं काम आता कायम तुमच्याकडे. मागच्या दाराने या.”

घरी परतताना औषधवाले जरा ताठ चालत होते. आपण एका माणसाची लाज राखली. त्यासाठी खोटं बोलावं लागलं खरं, पण ते खोटं चांगल्या जातीचं होतं. ही गोष्ट बायकोला कशी सांगायची याची त्यांनी वाटेत दोनतीनदा उजळणीही केली. घरी येऊन कोट काढला, सवयीने कॉलर उलटी केली, आणि शिवणीत त्यांना एक अख्खं कुटुंब दिसलं. आजीआजोबांसकट.

ते बराच वेळ कोटाकडे बघत राहिले. कोटाबद्दल तरी व्यासपीठावर त्यांनी अगदी अक्षरशः खरं सांगितलं होतं. सभागृहातले ढेकूण सभागृहाचे, पण मानेवरचा तो त्यांचाच.

बायको मागे येऊन उभी राहिली. “कोट माझ्या भावाचा आहे,” ती म्हणाली.

“मी काही बोललो का?”

तेवढ्यात फडताळावरचा फोन वाजला. औषधवाल्यांचे हात कोटात गुंतलेले, म्हणून तिनेच उचलला. डॉक्टरीणबाई होत्या. आज त्या हवापाण्याबद्दल काही बोलल्या नाहीत.

“तुमच्या मिस्टरांनी आज जे केलं ते मी पाहिलं,” त्या म्हणाल्या. “त्या खुर्च्यांत काय आहे ते मला चांगलं कळतं, मी मागच्या महिन्यातही तिथे बसले होते. सगळं स्वतःवर घेतलं त्यांनी. माझ्या सोफ्याला पुन्हा एकदा बघून जायला सांगाल का? आणि माझं नाव जरा बदलून ठेवा.”

औषधवाल्यांच्या बायकोने कोटाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. “ते तसेच आहेत,” ती म्हणाली. “बाई, आता त्रास कुठे आहे, बाहेरच्या खोलीत?” आणि तिने वार ठरवून दिला.

फोन ठेवल्यावर दोघं काही वेळ एकमेकांकडे बघायचं टाळत होते. मग तिला हसू फुटलं. ते इतकं वाढलं की तिला भिंतीला टेकावं लागलं, आणि औषधवाले कोट हातात धरून, प्रतिष्ठा राखत, तिचं हसू संपायची वाट बघत उभे राहिले.

साइटवरचं खातं त्यांनी त्याच संध्याकाळी बंद केलं. साइटने जाण्याचं कारण विचारलं आणि खाली पर्याय दिले. पुरेशा ओळखी मिळाल्या नाहीत, हा एक. आपलं कारण त्यात कुठेच बसत नाही म्हणून औषधवाल्यांनी ‘इतर’ वर बोट ठेवलं. साइटने कळवलं की आम्हाला तुमची उणीव भासेल. आरोग्य खात्याला मात्र ती भासली नाही. हुद्दाच उरला नाही म्हटल्यावर कारकुनांनी पुढे कागद मिटवून टाकला.

खातं बंद झालं तशी बायकोने भावाला फोन लावला. “तुझ्या अंगाला खाज येते का रे?”

“ताई, हळू बोल, मी ऑफिसात आहे,” मेहुणा म्हणाला. “येते. ताणामुळे आहे ती. आमच्याकडे सगळ्यांनाच ताण आहे.”

“तुझा ताण तुझ्या कोटाच्या कॉलरमधून चालत बाहेर आला. उद्या घरी थांब. कपडे पिशव्यांत घालून तोंडं बांध आणि गादीला हात लावू नकोस.”

पलीकडे फक्त श्वास ऐकू आला. मग मेहुण्याचा आवाज इतका खाली गेला की तिला फोन कानावर दाबावा लागला. “ताई, हे कुठे कळणार नाही ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधवाले मेहुण्याच्या इमारतीत गेले. लिफ्टला आरसा होता आणि जमीन इतकी चकचकीत की पाय कुठे ठेवावा कळेना. मेहुण्याने दार हाताएवढंच उघडलं, त्यांना आत ओढायला हात पुढे केला, आणि नेमकी तेव्हाच शेजारची बाई फिरायला जायचे बूट घालून बाहेर आली. तिने औषधवाल्यांकडे पाहिलं. मग त्यांच्या हातातल्या कापडी पिशवीतून डोकावणाऱ्या पंपाच्या नळीकडे पाहिलं.

“हे माझे भाऊजी,” मेहुणा घाईने म्हणाला. “सहज आलेत.”

“हो का? छान,” बाई म्हणाली. “आमच्याकडे गेल्या वर्षी चुलते आले होते. असाच पंप घेऊन.”

“नाही, हे खरंच माझे भाऊजी आहेत.”

“आमचेही खरेच होते,” बाई समजुतीने म्हणाली आणि जिना उतरू लागली.